सहल कोणाची, विसावा कोणाचा?



मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरची टाकी संध्याकाळपर्यंत पुरत नाही, आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या की घरोघरी एकच विषय निघतो : शनिवार-रविवार चिखलदऱ्याला जायचे का? पुढे पाऊस सुरू झाला की पुन्हा तोच विषय. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी जायचे असते, आषाढ-श्रावणात धुके पाहायला.

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. मुंबईच्या माणसाला संध्याकाळी चौपाटीवर जाता येते. आपल्याला समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावे लागते. म्हणून आपला समुद्रकिनारा म्हणजे सातपुडाच. गाविलगडाच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा हे विदर्भातले थंड हवेचे ठिकाण. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचे पुढे चिखलदरा झाले, असे लोक सांगतात. हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये येथे पोहोचला. मग इंग्रज साहेब लोक उन्हाळा काढायला येऊ लागले, बंगले उभे राहिले, कॉफीची लागवड झाली. आता तिथे आपण जातो. अमरावतीहून परतवाडा आणि पुढे घाट. अकोल्याहून अकोट-अंजनगावकडून परतवाडा आणि पुढे तोच घाट.

अशा सहलीला जावे की जाऊ नये, हा या लेखाचा विषय नाही. ज्यांना जमेल त्यांनी अवश्य जावे. वर्षभर एकाच छताखाली राहूनही एकमेकांशी निवांत न बोललेले कुटुंब दोन दिवस एकत्र बसते, हे लहान वरदान नव्हे. प्रश्न वेगळा आहे. आपल्या विसाव्याचा बेत आखताना आपण कोणाकोणाचा विचार करतो? आणि आपला विसावा कोणाच्या राबण्यावर उभा असतो? श्रद्धेच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. परमेश्वराने दिलेल्या दहा आज्ञांपैकी एक संपूर्ण आज्ञा याच प्रश्नावर आहे.

बेतात कोण असते, कोण नसते

समजा, आपल्याच धर्मग्रामातील एखादे घर. वडील कागदावर हिशेब मांडतात : गाडीचे भाडे, एका रात्रीची खोली, जेवणखाण, मुलांचा हट्ट पुरवायला वरचे पाचशे. मुले पंचबोल पॉइंट, भीमकुंड, देवी पॉइंट अशी नावे घोकतात. सर्व ठरते. आता या बेतात कोण कुठे आहे ते पाहू.

पहिली घरची आई. शनिवारी सकाळी सहाला निघायचे म्हणजे ती साडेतीनला उठणार. दशम्या, पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, लहान्याचे औषध, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांचे स्वेटर. रविवारी रात्री अकराला परतल्यावर ओले कपडे, उष्टे डबे आणि सोमवारच्या शाळेचे दप्तर. कुटुंबाची सहल झाली. तिची मात्र जागा तेवढी बदलली, काम तेच राहिले.

दुसरी आजी. तिला कोणी विचारत नाही असे नाही. विचारतात. ती म्हणते, "माह्ये गुडघे कुठं चालते आता? तुम्ही जा लेकरायले घिऊन. मी राह्यतो घरी." आणि सर्वांना हायसे वाटते. आजीने खरोखर नको म्हटले, की आपल्याला ओझे होऊ नये म्हणून नको म्हटले, हे पाहायला कोणी थांबत नाही. गाडीतली एक जागा मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो.

तिसरी भांडी-धुण्याची बाई. आपण दोन दिवस नाही म्हणजे तिला काम नाही. पण महिनाअखेर हे दोन दिवस कोणाच्या खात्यावर पडतात? सुटी आपण घेतली. खाडा तिचा धरला, तर आपल्या सहलीचा खर्च तिनेही भरला असा त्याचा सरळ अर्थ होतो.

चौथा गाडीचा चालक. घाट त्याने चढवला, धुक्यात गाडी त्याने सांभाळली. रात्री आपण रजई पांघरून झोपतो तेव्हा तो कुठे झोपतो? पुष्कळ वेळा गाडीतच, काचा लावून. त्याच्या जेवणाचे पैसे ठरवताना आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो आणि खोली घेताना तीच घासाघीस विसरतो.

पाचवा हॉटेलातला मुलगा, ज्याचा रविवार वर्षभरात कधी उगवत नाही. सहावी रस्त्याच्या कडेला शेगडीवर मक्याचे कणीस भाजून देणारी बाई, आणि खवा-रबडी विकणारा गवळी. आणि या सर्वांच्या मागे मेळघाटातील कोरकू माणूस, ज्याच्या अंगणातून आपण जातो.

ही यादी वाचून कोणाला अपराधी वाटावे हा हेतू नाही. ही यादी मुळात आपली नाहीच. ती पवित्र शास्त्राची आहे, आणि तिच्याकडे आपण वळणारच आहोत. पण त्याआधी एक जुनी गोष्ट, जी आपल्या वऱ्हाडच्या मातीतूनच सुरू होते.

आपला कापूस, त्यांचा समुद्र

सहकुटुंब दोन-चार दिवस हवा पालटायला जाणे ही सामान्य कष्टकऱ्यांच्या आयुष्यात तशी नवी गोष्ट आहे. राजे आणि सरदार पूर्वीही जात. मजुरांनी जाण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तो कापड गिरण्यांचा मुलूख. आणि त्या गिरण्यांत १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात, अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा, हिंदुस्थानचा कापूस मोठ्या प्रमाणात गेला. त्यात वऱ्हाडचा कापूस होता. अमरावती आणि खामगाव या बाजारपेठा त्या काळात जगाच्या नकाशावर आल्या. खामगावला रेल्वे आली ती १८७० साली, आणि आली ती कापसासाठीच.

लँकेशायरच्या गिरणीगावांत प्रत्येक गावची एक वार्षिक जत्रा असे. तिला 'वेक्स' म्हणत. तिचे मूळ धर्मग्रामाच्या सणात होते. गावातील चर्च ज्या संताला अर्पण केलेले असे, त्या संताच्या सणाच्या आदल्या रात्री लोक जागरण करून प्रार्थना करीत. त्या जागरणावरून हे नाव पडले. पुढे गिरण्या आल्या, धार्मिक भाग मागे पडला, पण सुटी टिकली. त्या आठवड्यात गावची गिरणी बंद होई आणि रेल्वेने सारे गाव समुद्राकडे निघे. ब्लॅकपूल या किनाऱ्यावरच्या गावी १८४६ मध्ये रेल्वे पोहोचली होती. आज या गावची गिरणी बंद, पुढच्या आठवड्यात त्या गावची. असा उन्हाळाभर ब्लॅकपूलला माणसांचा पूर येई. या सुटीचे पगार मिळत नसत. लोक वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे मंडळीत जमा करीत आणि त्यावर तो एक आठवडा साजरा करीत. पगारी सुटीचा कायदा ब्रिटनमध्ये झाला तो १९३८ साली.

धर्मग्रामाचा सण, त्यातून कामगारांची सुटी आणि त्यातून सहल, असा हा प्रवास आहे. म्हणजे आपण ज्याला आज निव्वळ मौज समजतो तिच्या मुळाशी उपासनेचा दिवस आहे. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ब्लॅकपूलला ज्या घरांत लोक उतरत ती घरे चालवणाऱ्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. इतरांची सुटी हाच त्यांच्या कामाचा हंगाम. आणि ज्या वऱ्हाडातून कापूस गेला त्या वऱ्हाडातील वेचणीच्या बाईला समुद्र तर सोडाच, आठवड्याचा एक दिवसही हक्काने मिळत नव्हता. एका धाग्याच्या एका टोकाला सहल होती, दुसऱ्या टोकाला पाठ वाकलेली होती.

हिंदुस्थानातील गिरण्यांतही तेच होते. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुटी होती, कारण राज्यकर्ते ख्रिस्ती होते. पण त्याच राज्यात मुंबईच्या गिरणी कामगाराला साप्ताहिक सुटी नव्हती. पहाटे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, तेही सातही दिवस. ती सुटी मिळवून दिली एका मराठी माणसाने. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यातून एक दिवस सुटीची मागणी केली. रविवार हा खंडोबाचा वार, कष्टकऱ्याला कुलदैवताच्या आणि घरच्या-समाजाच्या कामासाठी तो हवा, असा युक्तिवाद त्यांनी केल्याचे सांगितले जाते. सहा वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

त्यानंतर वर्षभरातच, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामगाराला विश्रांती देणे ही मालकाची मेहेरबानी नसून ते त्याचे कर्तव्य आहे, आणि जो करार माणसाच्या विश्रांतीचा व उपासनेचा वेळ हिरावून घेतो तो न्याय्य ठरत नाही, ही शिकवण त्यात स्पष्टपणे आली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. पण तिसऱ्या आज्ञेतील न्याय त्यांनी ओळखला, आणि चर्चमध्ये जाणाऱ्या कित्येक गिरणीमालकांना तो दिसला नाही. आपण रविवार आपला म्हणतो. त्याचा अर्थ दुसऱ्या कोणी अधिक चांगला समजून घेतला असेल, तर ते नम्रपणे मान्य करावे.

आज्ञेतील यादी

आता ती आज्ञा पाहू. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात शब्बाथ दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा आहे. तेथे परमेश्वर फक्त 'तू काम करू नकोस' म्हणून थांबत नाही. तो एकेकाचे नाव घेतो : तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा चाकर, तुझी दासी, तुझी गुरेढोरे आणि तुझ्या गावात राहणारा परका. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते. तेथे बैल आणि गाढव यांचा वेगळा उल्लेख होतो, आणि कारणही दिले जाते : चाकराला व दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तू स्वतः मिसर देशात गुलाम होतास.

या यादीत आई नाही. 'तू' या शब्दात नवरा-बायको दोघेही आले असे आपण समजतो, आणि तसेच समजायला हवे. पण आपल्या घरांत प्रत्यक्षात तसे होते का? मालकाला आणि चाकराला दोघांनाही विसावा देणारी ही आज्ञा, घरच्या आईच्या वेळी मात्र आपण अर्धवट वाचतो.

निर्गमातील कारण आणि अनुवादातील कारण यांत एक फरक आहे. निर्गमात कारण सृष्टीचे आहे : परमेश्वराने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण सुटकेचे आहे : परमेश्वराने तुला गुलामीतून सोडवले. ही दोन्ही कारणे एकत्र घेतली की विसाव्याचा पूर्ण अर्थ कळतो.

सृष्टीचे कारण असे सांगते की विसावा ही आपली कमाई नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस सहाव्या दिवशी निर्माण झाला. म्हणजे त्याच्या आयुष्याचा पहिला पूर्ण दिवस कोणता? सातवा. विसाव्याचा. अजून त्याने कुदळीचा एक घावही घातला नव्हता, तरी त्याला विसावा मिळाला. आपण म्हणतो, 'वर्षभर राबलो, आता दोन दिवसांचा हक्क आहे.' या म्हणण्यात काही चूक नाही, पण ते पुरेसे नाही. विसावा जर केवळ कामाचा मोबदला असता तर जो काम करू शकत नाही त्याचा त्यावर हक्क उरला नसता. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचा नाही, बेकार मुलाचा नाही, तान्ह्या बाळाचाही नाही. विसावा दान आहे म्हणूनच तो सर्वांचा आहे.

सुटकेचे कारण असे सांगते की ज्याला हे दान मिळाले त्याने ते अडवून धरू नये. मिसरातील गुलामाला सुटी नव्हती. फारोला फक्त विटा हव्या होत्या. ज्या लोकांनी ते भोगले त्यांनी स्वतः छोटे फारो होऊ नये, म्हणून आज्ञेत चाकराचे नाव आले. दुसऱ्याचा विसावा काढून घेऊन मिळवलेला विसावा शब्बाथ ठरत नाही. तो मिसरच, फक्त जागा बदललेली.

आपल्या चर्चची शिकवणही हेच सांगते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ मे १९९८ रोजी प्रभूच्या दिवसाविषयी 'दिएस दोमिनी' हे प्रेषितीय पत्र लिहिले. रविवार हा केवळ 'वीकएंड' होऊन जाऊ नये, तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस राहावा, ही कळकळ त्यात आहे. कॅथलिक धर्मशिकवण ग्रंथात तिसऱ्या आज्ञेच्या विवेचनात दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत. एक, रविवारी विसावा घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाने गरिबी आणि दैन्यामुळे ज्यांना विसावा मिळत नाही त्यांची आठवण ठेवावी. आजारी, वृद्ध यांना वेळ द्यावा. दुसरी, आपल्या अनावश्यक मागण्यांमुळे दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळणे अशक्य होईल असे वागू नये. परिचारिका, पोलीस, एसटीचा चालक, स्वयंपाकी यांना रविवारी काम करावेच लागते, हे चर्चला ठाऊक आहे. अशा वेळी त्यांना दुसरा पुरेसा मोकळा वेळ मिळेल ही काळजी घ्यायची, एवढेच मागणे आहे.

कुपोषणाच्या मुलखात मौज?

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. मेळघाट म्हटले की १९९० च्या दशकापासून वर्तमानपत्रांत एकच शब्द येत आला : कुपोषण. चिखलदरा त्याच मेळघाटात आहे. जिथे बाळे दगावली, तिथे आपण धुके पाहायला आणि रबडी खायला जायचे, हे ख्रिस्ती माणसाला शोभते का? आपल्यातील एखादा संवेदनशील तरुण हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला गप्प बसवू नये. त्याचा प्रश्न खरा आहे.

पण त्याचे उत्तर 'जाऊ नये' असे नाही, असे मला वाटते. आपण गेलो नाही म्हणून तिथल्या एकाही मुलाच्या ताटात घास वाढत नाही; उलट कणीस विकणारीची आणि गवळ्याची दिवसाची कमाई जाते. शिवाय आपण न जाऊन ते दुःख डोळ्यांआड करतो, एवढेच. आणि गरिबांच्या मुलखात आनंद म्हणजे पापच, असे मानणे हा गरिबांवरही अन्याय आहे. कोरकू माणूस आनंद जाणतो. दिवाळीनंतर रोजगारासाठी खाली मैदानात, आपल्या वऱ्हाडातील शेतांवर आणि दूरच्या कामांवर गेलेली कुटुंबे होळीला आपापल्या गावी परततात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. हातातले काम असेल तिथे ठेवून, मजुरी बुडवून ती माणसे येतात, नाचतात, फगवा मागतात. पोट हातावर असलेला माणूस पाच दिवसांचा रोज सोडून घरी येतो, तेव्हा विसावा ही चैन नसून माणसाची गरज आहे हे तोच आपल्याला शिकवतो.

म्हणून प्रश्न जाण्याचा नाही. कसे जायचे याचा आहे. तिथला माणूस आपल्याला दिसतो की नाही, याचा आहे. कणसाच्या दहा रुपयांवरून वाद घालणारे आणि मुलांना 'त्या लोकांपासून दूर राहा' सांगणारे पर्यटक होऊनही परत येता येते. 'दादा, तुमचे गाव कोणते? लेकरे शाळेत जातात का?' असे विचारून, उत्तर ऐकायला थांबूनही परत येता येते. दोन्ही सहलींचा खर्च सारखाच असतो.

प्रभूने आखलेली सहल

शुभवर्तमानात प्रभूने स्वतः आखलेल्या एका विसाव्याची हकिकत आहे. संत मार्कच्या सहाव्या अध्यायात ती येते, आणि 'ब' वर्षी सामान्य काळातील सोळाव्या रविवारी आपण ती ऐकतो. शिष्य गावोगाव सेवा करून परतले होते. लोकांची ये-जा इतकी की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. तेव्हा येशूनेच त्यांना बाजूला, एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. ते मचव्यात बसून सरोवराच्या पलीकडच्या किनाऱ्याला निघाले. म्हणजे थकलेल्या माणसांना पाण्याकाठी न्यावे, हे प्रभूलाही वाटले. ज्यांना विसावा म्हणजे आळस वाटतो त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

पण बेत फसला. लोकांनी मचवा ओळखला आणि ते किनाऱ्याकिनाऱ्याने धावत आधीच पोहोचले. आपण असतो तर वैतागलो असतो. येशूला त्यांचा कळवळा आला. त्याने त्यांना शिकवले आणि संध्याकाळी पाच भाकरी व दोन मासे घेऊन सर्वांना जेवू घातले. त्या वेळी सर्वांना हिरव्या गवतावर पंक्तीपंक्तीने बसवले, असा बारीकसा तपशील मार्क देतो. गवत हिरवे होते, हे लक्षात ठेवून कोणीतरी सांगितले. बारा जणांसाठी ठरलेली सहल पाच हजारांची झाली. शिष्यांचा विसावा हिरावला गेला असे म्हणता येईल; पण त्या दिवशी त्या हिरवळीवर कोणीही उपाशी राहिले नाही, आणि शिष्यांच्या हाती बारा टोपल्या उरल्या. आणि एक गोष्ट पुढच्याच ओळींत आहे : लोकांना निरोप दिल्यावर येशू एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. विसावा त्याने सोडून दिला नाही. पुढे ढकलला, इतरांना वाटून दिला, आणि मग पित्याजवळ जाऊन घेतला.

मग बेत कसा आखावा?

एवढे समजल्यावर घरच्या बेतात काय बदलावे? फार मोठे काही नाही. चार-पाच साध्या गोष्टी.

पहिले, मिस्साबलिदान. सहल रविवारी आहे म्हणून मिस्सा चुकली, हे कारण आपण फार सहज देतो. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, ही सोय चर्चने दिलेली आहे. मग शनिवारी सकाळऐवजी संध्याकाळची मिस्सा करून रविवारी पहाटे निघता येईल. किंवा चिखलदऱ्याला मरियमपूर आहे. तेथील फादरांना आधी विचारून मिस्सेची वेळ ठरवून घ्यावी. कोरकू बांधवांच्या शेजारी गुडघे टेकून एकच भाकर घेतल्यावर ते आपल्याला 'तिथले लोक' राहत नाहीत.

दुसरे, कर्ज काढून सहल करू नये. शेजारी मनालीला गेले म्हणून आपणही हप्त्यांवर जायचे, यात विसावा नाही. लँकेशायरच्या कामगारांनी वर्षभर डब्यात पैसे टाकले, ते आपल्यालाही जमेल. आणि ज्यांना चिखलदराही परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. वडाळी तलावाच्या काठी संध्याकाळी डबा घेऊन बसलेले कुटुंबही सहलीलाच गेलेले असते, जर त्या वेळी कोणाच्या हातात मोबाइल नसेल.

तिसरे, आईचा विसावा. स्वयंपाक आदल्या रात्री सर्वांनी मिळून करावा. परतल्यावर डबे मुलांनी घासावेत, कपडे वडिलांनी भिजवावेत. यात कोणाची शान कमी होत नाही. आज्ञेतील 'तू' मध्ये आई येते, हे मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गापेक्षा मोरीत अधिक चांगले कळेल.

चौथे, आजी. तिने नको म्हटले तर एकदा अजून विचारावे, आणि बेत तिच्या गुडघ्यांप्रमाणे थोडा बदलून विचारावे. 'माय, पॉइंटवर नको चालू, गाडीतच बस, पण चल तू.' तरी ती नाहीच म्हणाली तर तिच्याजवळ कोण राहील, शेजारून दोन वेळा कोण डोकावेल, हे ठरवूनच निघावे. परतल्यावर मात्र तिला फक्त फोटो दाखवू नयेत. तिच्याजवळ बसून सगळे सांगावे.

पाचवे, कामवाल्या बाईंचे दोन दिवस पगारी धरावेत, आणि त्यांना आधी सांगावे म्हणजे त्यांनाही त्या दिवसांचा काही बेत करता येईल. चालकाच्या झोपण्याची आणि जेवणाची व्यवस्था खोली ठरवतानाच ठरवावी. आणि ज्या डोंगराने गारवा दिला त्याच्यावर प्लास्टिक टाकून येऊ नये. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीलाही विसाव्याचे वर्ष दिले आहे. मेळघाटचे जंगल १९७० च्या दशकापासून वाघांसाठी राखीव आहे; तिथे मोठ्याने गाणी लावून आपण त्या मुक्या प्राण्यांचाही शब्बाथ मोडू नये.

या पाचांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. तरी त्या केल्या जात नाहीत, कारण बेत आखताना आपण 'किती खर्च येईल?' हा एकच प्रश्न विचारतो. त्याच्याशेजारी आणखी एक प्रश्न कागदावर लिहावा : 'आपल्या दोन दिवसांसाठी कोण राबणार आहे, आणि त्याला विसावा कधी मिळणार आहे?' याचे उत्तर लिहून झाले की मग खुशाल पिशव्या भराव्यात.

प्रभू येशू, तू थकलेल्यांना स्वतःजवळ बोलावतोस. या सुटीत जे प्रवासाला निघतील त्यांना घाटात सांभाळ, आणि जे घरी राहतील त्यांच्याजवळ राहा. जे आमच्यासाठी राबतात त्यांची नावे आम्हांला विचारायला शिकव, आणि तू दिलेला विसावा एकट्याने घेण्याचा मोह आमच्यापासून दूर ठेव. आमेन.